भिंतींना विचारून लिहिलेल्या गोष्टी

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडप मुळातच उघडा ठेवला होता, की त्याचे छत घालायचे राहून गेले? शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, बाकी सगळ्या मंदिरावर छप्पर आहे आणि पुढच्या या मंडपाला मधोमध वर्तुळाकार तोंड आहे. खाली गोल शिळा, तिच्या भोवती बारा खांब. मंडपाचे सगळे मिळून ४८. भाविक सांगतात, होमाचा धूर वर जावा म्हणून तसे केले. आर्किटेक्टला ते पटत नाही. दगडाचे थर आत आत सरकवत घुमट मिटवण्याची रीत त्या काळच्या कारागिरांना पाठ होती, मग इथेच हात का थांबला, असे तो विचारतो. इतिहासाचा अभ्यासक बोट दाखवतो ते देवगिरीच्या सिंघण यादवाच्या शके ११३६ च्या शिलालेखाकडे. त्याच सुमारास सिंघणाने शिलाहार भोजाचे राज्य बुडवले होते. धनी बदलला, पैसा थांबला, काम राहिले, असेही असू शकेल.

यातले काहीच सिद्ध करता येत नाही. पण शेवटच्या दिवशी मचाणावर कोणी तरी उभे होतेच. त्याला उद्या काम आहे की नाही हे ठाऊक होते का? ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याला अशा ठिकाणी जागा सापडते. या संग्रहातल्या कथा अशाच जागांमधून आल्या आहेत.

पेशाने मी वास्तुविशारद. सकाळी साईटवर सेंटरिंगच्या फळ्या बघायच्या आणि रात्री सतराव्या शतकात शिरायचे, हे लोकांना जरा विचित्र वाटते. खरे तर या दोन कामांची सोयरीक जुनी आहे. थॉमस हार्डी कादंबरीकार म्हणून नावाजण्याआधी लंडनमध्ये आर्थर ब्लोमफील्ड या वास्तुविशारदाकडे नोकरीला होता. जुन्या चर्चच्या ‘दुरुस्ती’ची कामे त्याने केली, आणि त्या दुरुस्तीत किती जुने कायमचे गेले याची खंत त्याला म्हातारपणापर्यंत होती. नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीत जगणाऱ्या एका इंग्रज गावावर त्याने १८८० मध्ये ‘द ट्रम्पेट मेजर’ लिहिली, तेव्हा गिरणी, अंगण, वाट हे सारे त्याने असे लिहिले की वाचून नकाशा काढता यावा.

फ्रान्समधला व्हियोले-ल-द्यूक हा तर आमच्या धंद्यातला दादा माणूस. नोत्र-दाम, कार्कासोन, पिएरफों यांचा जीर्णोद्धार त्याचा. १८७४ मध्ये त्याने एका किल्ल्याची गोष्ट लिहिली. किल्ला कल्पित, पण प्राचीन काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याला पुन्हा पुन्हा वेढे पडतात आणि प्रत्येक वेढ्यानंतर तट बदलतो. शस्त्र बदलले की भिंत बदलते, हे इतके स्वच्छ सांगणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही. माणसे मात्र त्यात लाकडी आहेत. वास्तुविशारद गोष्ट लिहायला बसला की त्याचा जीव माणसापेक्षा भिंतीत जास्त अडकतो. हा दोष व्हियोले-ल-द्यूकचा, माझाही.

तो दोष ज्याने टाळला त्याचे नाव फेर्नां पुइयों. मार्सेय आणि अल्जिअर्समध्ये हजारो घरे बांधणारा हा माणूस १९६१ मध्ये एका आर्थिक प्रकरणात अटकेत गेला. कैदेत असताना त्याने प्रोव्हान्समधल्या ल थोरोने या बाराव्या शतकातल्या मठाच्या बांधकामावर कादंबरी लिहिली. ती १९६४ मध्ये छापली गेली. मठ बांधणाऱ्या साधूची ती रोजनिशी आहे. दगड किती कठीण, तो कसा फोडायचा, चुना किती कमी वापरायचा, कोणता मजूर आज आला नाही, आणि या सगळ्यात देव कुठे आहे. बांधणाऱ्याने बांधणाऱ्यावर लिहिलेली ही कादंबरी मी आदर्श मानतो. आपल्याकडे हिरोजी इंदुलकरावर अशी कादंबरी व्हायला हवी होती. रायगड ज्याने उभा केला त्याने जगदीश्वराच्या मंदिराशी पायरीवर आपले नाव कोरून ठेवले, आणि आपण त्या पायरीपाशी फोटो काढून पुढे जातो.

मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवातच एका किल्ल्याच्या नावाने झाली आहे. बेळगाव भागातल्या जांबोटीच्या रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. म्हणजे व्हियोले-ल-द्यूकच्या किल्ल्याच्या तीन वर्षे आधी एक गड मराठीत कल्पनेने उभा राहिला होता. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ लिहून या प्रकाराला प्रतिष्ठा दिली. हरिभाऊंच्या वाड्यांत भुयारे, गुप्त दरवाजे, अंधारी तळघरे भरपूर आहेत. ती स्कॉटच्या वळणाची आहेत आणि कथानकाला धक्का देण्यापुरतीच उघडतात. नाथमाधव आणि हडप यांनी स्वराज्य आणि पेशवाई मालिकांच्या रूपाने घराघरांत पोहोचवली. त्या काळात इतिहास म्हणजे गमावलेल्या राज्याची आठवण होती, आणि कादंबरीचे काम ती आठवण पेटती ठेवण्याचे. खोलीची लांबी-रुंदी कोण विचारणार?

स्वातंत्र्यानंतर रोख बदलला. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, ना. सं. इनामदारांची ‘झेप’ १९६३ ची. मग ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’, ‘राऊ’, ‘छावा’. आता राजा हा माणूस झाला. त्याची बायको, त्याचे आजारपण, त्याचा एकटेपणा यांना महत्त्व आले. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना आजही स्वतंत्रपणे वाचली जाते, ती कादंबरीकाराला इतिहासाची चौकट किती बांधते याचा तिने रोखठोक विचार केला म्हणून. १९८८ मध्ये विश्वास पाटलांची ‘पानिपत’ आली आणि कागदपत्रे, फौजांच्या हालचाली, रसद यांना पुढे आणणारी तिसरी वाट रुंद झाली. या तिन्ही वाटांच्या कडेने एक माणूस एकटाच चालत होता: गो. नी. दांडेकर. त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत चढ खरा आहे, कारण तो त्यांनी पायाने मोजला होता. गोनीदां वास्तुविशारद नव्हते, पण आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा त्यांना तट जास्त कळत होता.

आणि एक वास्तुविशारद मराठीत अव्वल दर्जाचा लेखक होऊन गेला. बडोद्याला शिकवणाऱ्या माधव आचवलांची ‘किमया’ १९६१ ची. ‘स्वामी’ तिच्या पाठोपाठच्या वर्षी आली. जागा, प्रकाश, उंबरा, पायरी यांच्याकडे कसे बघावे हे मराठी वाचकाला ‘किमया’ने शिकवले. आचवल ऐतिहासिक कादंबरीकडे वळले नाहीत, आणि ऐतिहासिक कादंबरीकारांनी ‘किमया’कडून फारसे काही घेतले नाही. दोन्ही पुस्तके एकाच वाचकाच्या कपाटात शेजारी उभी असतील, एकमेकांशी न बोलता. ही चुकामूक मला मराठी गद्यातली एक मोठी हुकलेली संधी वाटते.

याचा परिणाम शनिवारवाड्यात दिसतो. ‘स्वामी’ आणि ‘राऊ’ या दोन्ही कादंबऱ्यांचा जीव या वाड्यात आहे, आणि वाडा १८२८ च्या आगीत गेला. तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्याचे हौद उरले. वाचक पुस्तकातला महाल डोळ्यांत घेऊन आत शिरतो आणि मोकळ्या जोत्यांपुढे गोंधळतो. त्याच्या मनातला वाडा देसाई-इनामदारांनी बांधला आहे. मला त्या दोघांचा हेवा वाटतो. नकाशा मंजूर करून न घेता इतके टिकाऊ बांधकाम कोणालाच जमलेले नाही. पण खण किती रुंद होता, तुळई किती लांबीची मिळत होती, त्यामुळे दिवाणखान्यात किती माणसे मावत होती, हे कळले असते तर तिथल्या कारस्थानांचा आवाजही वेगळा लागला असता. कुजबुज कुठपर्यंत ऐकू जाते हे भिंतीच्या जाडीवर ठरते.

कोल्हापूरकडे ही सगळी वाट वेगळ्या तऱ्हेने येते. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. ‘मृत्युंजय’ आणि ‘छावा’ लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, आणि कोल्हापुरात शिक्षक होते. मराठीतल्या सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्यांतल्या कितीतरी या जिल्ह्याच्या मातीतून उगवल्या. पण कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढचा किल्ला पुस्तकातून आलेला नाही, तो पडद्यावरून आला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले. बाबूरावांनी १९२३ मध्ये हरिभाऊंच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला. पुढे भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत शिवकाल उभा केला. गोणपाट, लाकूड आणि प्लास्टरचे ते बुरूज कॅमेऱ्याच्या बाजूने भक्कम आणि मागून टेकूवर उभे असत. मला त्यांची चेष्टा करायची नाही. त्यांच्या कारागिरांनी आमच्या तीन पिढ्यांना इतिहास बघायला शिकवले. मात्र पडद्यावरचा किल्ला नेहमी समोरून दिसतो. मागची बाजू, म्हणजे पाणी, धान्य, शौचकूप, चोरदिंडी, ही त्यात नसते, आणि आपल्या कादंबऱ्यांतही ती क्वचितच सापडते.

गंमत अशी की या मागच्या बाजूवर लिहिलेला उत्तम मराठी ग्रंथ कोल्हापूरच्याच राज्यात तयार झाला. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’, १७१५ चे. त्यातले दुर्गप्रकरण कोणत्याही वास्तुविशारदाने एकदा उभ्या उभ्या वाचावे. पंतांचे म्हणणे थोडक्यात असे: गड बांधायच्या आधी पाणी बघा. झरा असला तरी त्यावर विसंबू नका, तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून टाकी खोदून साठा ठेवा. एकच दरवाजा असलेला गड हा दोष समजा. दरवाजा खालून थेट माऱ्यात येईल असा ठेवू नका. पंतांनी राज्ये बुडताना पाहिली होती. त्यांची प्रत्येक सूचना कुठल्या तरी पडलेल्या किल्ल्याची किंमत मोजून आली आहे. ही वाक्ये माझ्या हाती आधी लागली असती तर कॉलेजातली दोन सत्रे वाचली असती.

ते वाचून पन्हाळ्यावर गेले की किल्ला बोलायला लागतो. गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्याची तीन कोठारे, २५ हजार खंडी धान्य मावेल एवढी असे सांगितले जाते. त्यांच्या जाड भिंती आणि वरून धान्य ओतायची भोके पाहिली की १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्याचे गणित समोर येते. वेढा मार्चमध्ये पडला. शिवाजी महाराज निसटले जुलैत, भर पावसात. आपल्या कथांत ती रात्र असते: पालखी, शिवा काशीद, घोडखिंड, बाजीप्रभू. ती असायलाच हवी. पण आधीचे चार महिने गडावर रोज शिधा मोजून देणारा कोठीवाला कोणी तरी होता. राजापूरच्या इंग्रज वखारीतून हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन जौहरच्या मदतीला आला, त्याने आपले निशाणही फडकावले. त्या गोळ्यांचा आवाज अंधारबावीच्या तळमजल्यावर कसा येत असेल? हा प्रश्न विचारायला बावीची खोली माहीत असावी लागते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जुन्या इमारतींच्या जतनात दोन पंथ आहेत. व्हियोले-ल-द्यूकचा पंथ सांगतो, पडलेले पूर्ण करा. इमारत जशी असायला हवी होती तशी करा, मग ती तशी कधीच नसली तरी चालेल. रस्किन आणि त्याच्या मागून विल्यम मॉरिस यांचा पंथ म्हणतो, हा सरळ खोटेपणा आहे. पडझड थांबवा, टेकू द्या, पण नवे जुन्याच्या नावावर खपवू नका. १९६४ च्या व्हेनिस सनदेने बराचसा दुसरा मार्ग धरला. अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवा, असे तिचे सांगणे. जिथे नवे घालणे भाग आहे तिथे ते जुन्याशी जुळावे, पण वेगळे ओळखूही यावे.

मराठी ऐतिहासिक कादंबरी जवळजवळ सगळी पहिल्या पंथाची आहे. तिने पडलेले इतके बेमालूम भरून काढले की जुना चिरा कोणता आणि नवा कोणता हे वाचकाला कळेनासे झाले. कादंबरीकाराने रचलेला संवाद पुढच्या पिढीत भाषणात येतो, तिच्या पुढच्या पिढीत तो इतिहास ठरतो आणि त्यावरून दगडफेक होते. दोष एकट्या लेखकांचा नाही. भेग दिसणारी भिंत आपल्याला, वाचकांनाही, सहन होत नाही. माझे मत असे की कथेलाही दुसऱ्या पंथाने चालता येते आणि तिची गोडी त्याने कमी होत नाही.

या संग्रहात तसा प्रयत्न आहे. प्रत्येक कथा कोल्हापूर परिसरातल्या एका उभ्या किंवा अर्ध्या उभ्या वास्तूभोवती आहे. मापे, दिशा, दगडाची जात, सूर्य कुठून येतो, माणूस कुठे उभा राहिला तर त्याला काय दिसेल, यात मी काहीच बदललेले नाही. जिथे भिंत साक्ष देते तिथे कल्पनेला रजा. माणसे मात्र बहुतेक माझी आहेत: पाथरवट, वडार, चुन्याची घाणी फिरवणारी बाई, हिशेबनीस. कथेच्या शेवटी चार ओळींत काय सापडले आणि काय रचले हे सांगून टाकले आहे. त्याने रसभंग होतो असे काही मित्रांचे म्हणणे. मला ते मान्य नाही.

दोन कथा थोड्या बाहेरच्या वाटतील. एक मेजर चार्ल्स मँटची. नवा राजवाडा, आज जिथे वस्तुसंग्रहालय आहे तो टाऊन हॉल आणि सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत ही त्याची कामे. १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारलेल्या राजाराम महाराजांची आर्नो नदीकाठची छत्रीही त्याचीच. नवा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला. मँट १८८१ मध्येच गेला, चाळिशीच्या आसपास. आपले हिशेब चुकले, आपण बांधलेले सगळे कोसळणार, या धास्तीने अखेरीस त्याचे मन फिरले असे सांगतात. इमारती आजही उभ्या आहेत. ज्याने कधी स्लॅब ओतला आहे आणि त्या रात्री झोप लागलेली नाही, त्याला ही कथा वेगळी समजावून सांगायला नको. दुसरी कथा ब्रह्मपुरीच्या टेकडीची. तिथे सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती मँटच्याच टाऊन हॉलमध्ये ठेवली आहे. पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव कोणाच्या सामानातून आला असेल, एवढाच त्या कथेचा विषय.

हे सारे आत्ताच का, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात पन्हाळा आहे. त्याच वर्षी ‘छावा’वरून चित्रपट आला आणि पन्हाळ्यावरच्या सज्जाकोठीकडे बोट दाखवणारी मुले वाढली. कौतुक वाढते तेव्हाच जुन्या बांधकामाला खरा धोका असतो, कारण मग सिमेंट येते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते आता जसेच्या तसे उभे करायचे म्हणजे काय करायचे, हा वाद गावात सुरू झाला, आणि त्यात वर सांगितलेले दोन्ही पंथ कोल्हापुरी बोलीत भांडताना मी ऐकले. अंबाबाईच्या किरणोत्सवाचे तसेच. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि तीन दिवसांत पायांपासून मुखापर्यंत चढतात. वाटेत उंच इमारती आल्या की ती अडतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या सूत्रधाराने साधलेला कोन आज नगररचनेच्या नियमांवर अवलंबून आहे. अशा वेळी गावाला जुन्या वास्तूंविषयी भक्तीइतकीच माहितीही हवी, आणि माहिती गोष्टीतून लवकर पोहोचते.

कथांचा क्रम काळाचा नाही. कुठूनही वाचायला घ्या, मात्र मँटची कथा शेवटी ठेवलीत तर बरे.

एक विनंती. कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, आजरा या भागांत कितीतरी जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या आहेत: चुना किती, सागवान कुठून, गवंड्याला रोज किती. राजाचे नाव नाही म्हणून त्या रद्दीत जातात. तुमच्या घरी अशी वही असेल, मोडीतली असली तरी, तर वाडा पाडण्याआधी ती कोल्हापूरच्या पुरालेखागारात किंवा शिवाजी विद्यापीठात दाखवा. पुढच्या लेखकाला तिची गरज लागणार आहे.